सरासरी सांगता, मग 'किती कमी-जास्त' तेही लिहा



आज पेरणी-फवारणीचं काही नाही. आज आकड्यांवर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. विषय तुमच्या-माझ्या खिशाचा आहे.

मागल्या खरिपाचा सोयाबीनचा हिशेब आला. आमच्या महसूल मंडळाचं उंबरठा उत्पादन हेक्टरी ८६८ किलो. पीक कापणी प्रयोगातून निघालेली सरासरी हेक्टरी ८९३ किलो. उंबरठ्याच्या २५ किलो वर. म्हणून भरपाई शून्य. विषय बंद.

पारावर लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, "सगळी लबाडी आहे. दहा शेतं कापून बारा हजार हेक्टरचं कळतं व्हय?" दुसरा म्हणतो, "शास्त्रीय पद्धत आहे, सरकारी आकडा आहे, गप बसा." मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यांना नमुना म्हणजे काय ते कळलेलं नाही, आणि दुसऱ्यांना शास्त्र म्हणजे काय ते कळलेलं नाही. भांडायचंच असलं तर नीट जागेवर भांडू.

आधी नवीन लोकांसाठी थोडक्यात. २०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यात एक रुपयात विमा बंद झाला. खरिपाला आता संरक्षित रकमेच्या २ टक्के आपण भरतो. त्याच वेळी स्थानिक आपत्ती, हंगामातलं नुकसान, काढणीनंतरचं नुकसान, हे भरपाईचे वेगळे रस्तेही काढून टाकले. म्हणजे तुमच्या शेतात ढगफुटी झाली तरी विम्यासाठी तुमचं शेत कुणी बघणार नाही. उरली एकच गोष्ट, मंडळाची सरासरी. ती उंबरठ्याच्या खाली गेली तर सगळ्यांना त्या प्रमाणात, नाही गेली तर कुणालाच नाही.

उंबरठा कसा काढतात? मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के धरायचे. आमची पाच वर्षांची सरासरी १,२४० किलो, तिचे ७० टक्के म्हणजे ८६८.

आणि चालू वर्षाचं उत्पादन? केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मंडळ पातळीला एका पिकाचे किमान १० कापणी प्रयोग. शेत चिठ्ठी टाकल्यासारखं निवडायचं, त्यात १० मीटर बाय ५ मीटरचा प्लॉट आखायचा, तेवढंच कापून मळून वजन करायचं. ५० चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. म्हणून प्लॉटमधल्या किलोला २०० नं गुणलं की हेक्टरी उत्पादन. (काही पिकांत उपग्रहाचा अंदाजही मिसळतात. तो वेगळा विषय. आज फक्त कापणीचं बोलू.)

आता उलटा भागाकार करा. २५ किलो भागिले २००. उत्तर १२५ ग्रॅम. पावशेराचं निम्मं. दर प्लॉटमागं १२५ ग्रॅम सोयाबीन जास्त निघालं म्हणून आमचं मंडळ उंबरठ्याच्या वर. दहातल्या एकाच प्लॉटमध्ये दीड किलो कमी भरलं असतं तर आम्ही खाली असतो. एवढ्याशा काठावर उभं राहून कुणी ८९३ हा आकडा दगडावरची रेघ असल्यासारखा वाचत असेल, तर मला त्याला दोन प्रश्न विचारायचेत.

पण आधी माझ्याच माणसांना.

"दहा शेतांवरून काय कळतं?" असं म्हणू नका. आपल्याच म्हणीत सांगितलंय, शितावरून भाताची परीक्षा. लग्नाचा हंडा असो की घरचं पातेलं, आचारी दोन-चार शितंच दाबून बघतो. हंडा मोठा आहे म्हणून मूठभर शितं लागत नाहीत. मंडळाचंही तसंच. क्षेत्र बारा हजार हेक्टर आहे की दोन हजार, यानं अंदाजाच्या पक्केपणात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. फरक पडतो दोन गोष्टींनी: शितं किती घेतली, आणि भात सगळीकडं सारखा शिजलाय का.

खरी गोम या दुसऱ्या गोष्टीत आहे. भात एकसारखा शिजला असला तर चार शितं पुरे. पण खाली करपलाय, वर कच्चाय, मधे ठीक आहे, अशा हंड्यातनं चार शितं उचलली तर? ज्याच्या हाताला जे लागेल तसा भात. अतिवृष्टीच्या वर्षात मंडळ म्हणजे असाच हंडा. ओढ्याकाठची काळी रानं पाण्याखाली, मुरमाड माळावर बऱ्यापैकी शेंगा. त्या वर्षी दहा शितं चांगल्या वर्षाएवढी बोलत नाहीत.

मंडळाच्या दहा प्लॉटांचे वेगवेगळे आकडे आम्ही मागितले. मिळाली ती नुसती सरासरी. मग म्हणलं, आपणच करून बघू. गावातल्या सोयाबीनच्या सगळ्या गट नंबरांच्या चिठ्ठ्या केल्या, घागरीत टाकल्या, आणि एका लहान पोराला दहा काढायला लावल्या. ज्याचं शेत निघालं त्याच्याकडं टेप, चार खुंट्या, सुतळी आणि ताडपत्री घेऊन गेलो. प्लॉट कुठं टाकायचा तेही चिठ्ठीनंच. कापलं, मळलं, चार दिवस उन्हात वाळवलं, मग वजन केलं. दहा शेतांचे किलो असे:

२.१, ६.८, ४.४, ३.२, ५.९, ४.९, १.६, ७.३, ३.८, ५.०

बेरीज ४५. सरासरी साडेचार किलो. गुणिले २००, म्हणजे हेक्टरी ९०० किलो.

पोरांचे चेहरे उतरले. त्यांना वाटलं होतं ५०० निघेल आणि आपण सरकारला खोटं पाडू. निघाला सरकारी आकड्याच्या शेजारचाच. हा आकडा एकट्या आमच्या गावाचा आहे, मंडळाचा नाही. पण तो लपवायचा नाही असं मी तिथंच सांगितलं. सरकारी आकडा खोटा आहे असं म्हणायला माझ्याकडं काही नाही. माझं भांडण वेगळं आहे, आणि ते त्या दिवशी संध्याकाळी सुरू झालं.

माझी मुलगी कृषीच्या पदवीला आहे. तिनं कागद बघितला आणि म्हणाली, "बाबा, सरासरी काढली, पण तिच्यापुढं कमी-जास्त किती ते कुठंय? अर्धंच गणित केलंय तुम्ही." मी दहावी पास. म्हणलं, शिकव मग. तिनं तासाभरात शिकवलं. तुम्हालाही सांगतो, अवघड नाही. मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

एक. प्रत्येक शेताचा आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते लिहा. २.१ वालं शेत साडेचारपासून २.४ नं खाली, ६.८ वालं २.३ नं वर, असं दहाही.

दोन. त्या प्रत्येक फरकाचा वर्ग करा, म्हणजे उणे-अधिक एकमेकांना खाऊन टाकत नाहीत. सगळ्यांची बेरीज करा. आमची ३१.८६ आली.

तीन. त्याला ९ नं भागा. दहा नाही, नऊ. कारण सरासरी याच दहांतनं काढली, त्यात एकाची मोकळीक खर्च झाली. मग वर्गमूळ. उत्तर १.८८ किलो. एक शेत सरासरीपासून साधारण किती लांब आहे, त्याचं हे माप. पुस्तकात त्याला प्रमाण विचलन म्हणतात.

चार. त्याला दहाच्या वर्गमुळानं भागा, म्हणजे ३.१६ नं. येतात ०.५९५ किलो. हे शेताचं माप नाही, सरासरीच्या डळमळीचं माप आहे. दहा शेतं एकत्र केली की चुका एकमेकांना थोड्या सावरतात, म्हणून ते लहान.

पाच. त्याला २.२६ नं गुणा. हा आकडा तक्त्यातला आहे, दहा नमुन्यांसाठीचा. आले १.३५ किलो. गुणिले २००, म्हणजे साधारण २७०.

आता पूर्ण उत्तर असं: आमच्या गावाची सरासरी हेक्टरी ९०० किलो, अधिक-उणे २७०. म्हणजे ६३० ते ११७०. पुस्तकात याला ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. मी त्याला खात्रीचा पट्टा म्हणतो.

९५ टक्के कशाचे? इथं शिकलेलेही गडबडतात. जत्रेत रिंगा टाकायचा खेळ असतो ना, तो डोळ्यासमोर आणा. मांडलेला साबण हलत नाही, आपण रिंग टाकतो. गावाची खरी सरासरी म्हणजे तो साबण. ती एकच आहे, जागेवर आहे, फक्त आपल्याला दिसत नाही. घागरीतनं दहा चिठ्ठ्या काढल्या, एक पट्टा काढला, म्हणजे एक रिंग टाकली. पुन्हा नव्या दहा चिठ्ठ्या काढल्या असत्या तर पट्टा वेगळा आला असता. असे शंभर वेळा केले तर साधारण ९५ रिंगा साबणावर पडतील, पाच चुकतील. आपली रिंग त्या ९५ मधली की पाचातली, ते सांगता येत नाही. भरवसा खेळण्याच्या पद्धतीचा आहे, एका रिंगेचा नाही.

आता मंडळाकडं वळू. मंडळातही आमच्या गावाएवढाच पसारा धरला, तर ८९३ चा पट्टा साधारण ६२० ते ११६० निघतो. उंबरठा ८६८ त्या पट्ट्याच्या जवळजवळ मधोमध बसलाय. म्हणजे प्रामाणिक उत्तर काय? "या दहा प्लॉटांवरून मंडळ उंबरठ्याच्या वर आहे की खाली, ते सांगता येत नाही." आणि कागदावर छापलं काय? "वर आहे. शून्य."

माझं भांडण एवढंच. "सांगता येत नाही" याला "नाही" म्हणून छापायचं नाही.

कुणी म्हणेल, उंबरठ्याच्या जरासं खाली गेले असते तर मिळालं काय असतं? बरोबर विचारताय. भरपाई तुटीच्या प्रमाणात असते. समजा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० आहे. खरी सरासरी ८९३ च्या ऐवजी ८४३ असती तर तूट २५ किलो, भरपाई दीड हजाराच्या आतच. त्यासाठी कुणी रस्त्यावर येणार नाही. पण खरी सरासरी ७०० असली तर? ७०० हा आकडाही त्या पट्ट्यात आरामात बसतो. मग तूट १६८ किलो, भरपाई हेक्टरी साधारण ९,७००. शून्य आणि ९,७०० या दोन्हींशी हे दहा प्लॉट सारखेच जुळतात. दोन हेक्टरवाल्याचं पुढच्या हंगामाचं बियाणं-खत या डळमळीत अडकलंय.

पट्टा वरही जातो, हेही सांगतो. खरी सरासरी ११०० असू शकते, आणि एखाद्या वर्षी हक्क नसताना आपल्या पदरात पैसे पडू शकतात. माप दोन्हीकडं चुकतं. मग विमेवाले म्हणतात, "बघा, चुका सरासरी फिटून जातात." कुणाच्या फिटतात? कंपनीकडं शेकड्यानं मंडळं आहेत. इथं जास्त दिले, तिथं कमी दिले, वर्षाअखेर तिचा हिशेब जुळतो. माझं मंडळ एक, माझं वर्ष एक. माझी चूक फिटायला मला शेकडो वर्षं जगावं लागेल. तीच डळमळ, पण कंपनीच्या पाठीवर ती पिसासारखी आणि माझ्या पाठीवर पोत्यासारखी. विमा काढतात तो पोतं वाटून घ्यायला, आणि इथं ते फिरून माझ्याच पाठीवर येतंय.

आता पुन्हा माझ्या माणसांना. "माझं तर सगळं गेलं, मग ८९३ कसं?" हे बोलणं दुःखाचं आहे, पण आकड्याविरुद्धचा पुरावा नाही. खात्रीचा पट्टा सरासरीचा असतो, तुमच्या शेताचा नाही. आमच्या दहा शेतांकडंच बघा. पट्टा किलोत धरला तर ३.१५ ते ५.८५. दहातली पाच शेतं त्याच्या बाहेर आहेत! १.६ वालं बाहेर, ७.३ वालंही बाहेर. त्यात खोटं काही नाही. तुमच्या एकट्याच्या नुकसानीसाठी वेगळा रस्ता हवा, तो काढून घेतलाय, त्यासाठी वेगळं भांडा. ते भांडण सरासरीशी घालून उपयोग नाही. उलट बाकीचे रस्ते बंद झाल्यावर ही एकच सरासरी राहिली, म्हणून ती जास्त कसून मोजली पाहिजे.

"एवढं बारीक शेतकऱ्याला कळत नाही," असं एका साहेबांनी मला तोंडावर सांगितलं. साहेब, हे गणित आपल्या रानातनंच वर आलंय.

थोड्या नमुन्यांवरून सरासरीची डळमळ कशी काढायची, ते १९०८ मध्ये विल्यम गॉसेट नावाच्या माणसानं लिहिलं. तो डब्लिनच्या गिनीज या बिअरच्या कारखान्यात कामाला होता. तिथं बार्ली आणि हॉप्सची परीक्षा करायची तर नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. मोठ्या नमुन्यांसाठीचा १.९६ हा आकडा त्याला लागू पडेना. त्यानं 'स्टुडंट' या टोपणनावानं लेख छापला आणि दाखवलं की नमुने थोडे असतील तर पट्टा जास्त रुंद धरला पाहिजे. आपल्या दहा प्लॉटांचा २.२६ त्याच रस्त्यानं आला. १.९६ धरला असता तर आपला पट्टा २३३ चा दिसला असता, प्रत्यक्षात तो २७० चा आहे. थोडं बघितलंय तर जास्त नम्रपणे बोला, असा त्याचा अर्थ मी लावतो.

खात्रीच्या पट्ट्याचं शास्त्र १९३७ मध्ये जर्झी नेमन यांनी मांडलं. त्यांच्याकडं लंडनला शिकलेला एक विद्यार्थी आपला होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध, जिल्हा सातारा. पूर्वी पीक किती आलं ते नजरेनं ठरायचं, आणेवारी म्हणायचे त्याला. सुखात्मे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत आले आणि १९४० च्या दशकात चिठ्ठीनं शेत निवडून कापणी करण्याची पद्धत देशात बसवण्यात त्यांचा आणि वि. गो. पानसे यांचा मोठा वाटा. १९५४ मध्ये दोघांनी शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं, ते पुढं कृषी विद्यापीठांच्या पोरांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. म्हणजे दहा बाय पाचच्या प्लॉटमागं डोकं आहे. मी त्याची थट्टा करत नाही. मी म्हणतो, त्या डोक्यांनी जे शिकवलं ते पूर्ण वापरा. सरासरी घ्यायची आणि अधिक-उणे फेकून द्यायचं, हे शेंगा घेऊन दाणे टाकून देण्यासारखं आहे.

याच सुखात्म्यांचा प्लॉटच्या आकारावरून प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी मोठा वाद झाला होता. महालनोबिस लहान-लहान प्लॉट भरपूर घ्या म्हणायचे. सुखात्मे म्हणायचे, लहान प्लॉटमध्ये उत्पादन फुगतं, कारण कडेची झाडं माणूस नकळत आत धरतो. हे सुतळी लावून स्वतः बघा. १० बाय ५ च्या प्लॉटला चारी बाजूंनी वीतभरापेक्षा कमी, १५ सेंटिमीटर, सुतळी बाहेर गेली तर क्षेत्र ५० ऐवजी साडेचौपन्न होतं, म्हणजे ९ टक्के जास्त. एक मीटर चौरसाला तेवढीच सरकली तर ६९ टक्के जास्त! म्हणून मोठा प्लॉट.

पण मोठ्या प्लॉटमध्येही ९ टक्के म्हणजे आमच्या मंडळात ७५-८० किलो. उंबरठ्याचा फरक होता २५. आणि हे नीट लक्षात ठेवा: असली चूक खात्रीच्या पट्ट्यात दिसत नाही. पट्टा फक्त चिठ्ठीची चूक सांगतो. सुतळी ढिली, सोयाबीन ओलं असताना वजन, चिठ्ठीत निघालेलं शेत चिखलात आहे म्हणून रस्त्याकडचं कापलं, यांतली एकही गोष्ट गणित पकडत नाही. पन्नास प्लॉट घेतले तरी पकडणार नाही. ती पकडायला बांधावर माणूस लागतो. म्हणून प्रयोगाच्या दिवशी शेतात हजर राहा. भांडायला जाऊ नका, टेपचं दुसरं टोक धरायला जा.

आता खर्चाचं. "जास्त प्रयोग करायला माणसं कुठंयत?" खरं आहे. गावोगावच्या कर्मचाऱ्यांवर आधीच कामाचा डोंगर. आणि गणितही कंजूष आहे. पट्टा निम्मा करायचा तर प्लॉट दुप्पट करून चालत नाही, चौपट लागतात. दहाचे चाळीस केले तर २७० चा पट्टा १२० वर येतो. सगळीकडं ते जमणार नाही, मान्य.

पण दहाच प्लॉटात पट्टा आवळायची एक युक्ती आहे, आणि तिच्यावरही नेमन-सुखात्मे यांनी काम केलेलं आहे. हंडा खाली करपलाय आणि वर कच्चाय हे आधीच माहीत आहे ना? मग खालची शितं वेगळी घ्या, वरची वेगळी. आमच्या दहातली पाच शेतं सखल रानातली होती: २.१, ४.४, ३.२, १.६, ३.८. पाच माळाकडची: ६.८, ५.९, ४.९, ७.३, ५.०. सखल रानाची सरासरी ३ किलोच्या आसपास, माळाची ६ च्या. प्रत्येक गटाच्या आत शेतं एकमेकांसारखीच आहेत. गावात दोन्ही रानं निम्मी-निम्मी आहेत. आधीच असे दोन गट पाडून दोन्हीकडं पाच-पाच चिठ्ठ्या काढल्या असत्या, तर हेच आकडे येऊन पट्टा २७० ऐवजी साधारण १६० चा झाला असता. एक रुपया जास्त नाही, एक माणूस जास्त नाही. फक्त रान ओळखणारा कुणीतरी यादी करताना बसवायचा.

आणि ज्यांना वाटतं अधिक-उणे छापलं तर लोकांचा विश्वास उडेल, त्यांनी हवामान खात्याकडं बघावं. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मान्सूनचा अंदाज दिला: सरासरीच्या १०५ टक्के, अधिक-उणे ५. चुकीची मर्यादा स्वतःच्या हातानं लिहून दिली. त्यानं कुणी पेरणी सोडली नाही. जो माणूस "एवढं चुकू शकतं" म्हणून सांगतो त्याच्यावर आपण जास्त विश्वास ठेवतो. बाजारात बघा, काटा हलता असताना वजन सांगणाऱ्याला आपण म्हणतोच ना, "थांब दादा, काटा थांबू दे."

तर मागण्या चारच, आणि चारही बिनखर्चाच्या किंवा थोड्या खर्चाच्या.

१. मंडळातल्या सगळ्या प्लॉटांचे किलो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. नावं नकोत, आकडे पुरेत.

२. सरासरी छापाल तिथं तिच्यापुढं अधिक-उणे छापा. कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांचं काम आहे.

३. शेतं निवडताना सखल आणि माळ असे गट आधीच पाडा.

४. उंबरठा खात्रीच्या पट्ट्याच्या आत पडत असेल तर "शून्य" लिहून फाईल बंद करू नका. त्या मंडळात सुरुवातीलाच जास्तीचे प्लॉट राखून ठेवा, पीक उभं असतानाच कापा, आणि मग निर्णय द्या. कापणी झाल्यावर रान रिकामं असतं, तेव्हा चौकशी करून काही हाती लागत नाही.

यातनं आम्हाला दर वर्षी भरपाई मिळेल असं नाही. काही वर्षी पट्टा आवळल्यावर दिसेल की मंडळ खरंच उंबरठ्याच्या वर आहे, आणि आम्हाला गप घरी जावं लागेल. जाऊ. पण मोजून घरी पाठवा, डोळे मिटून नको.

आमच्या दहा प्लॉटांचा कागद मी ग्रामपंचायतीत लावलाय. येत्या खरिपात पुन्हा घागर, पुन्हा चिठ्ठ्या, आणि या वेळी दोन घागरी, सखल रानाची एक आणि माळाची एक. तुमच्या गावात करणार असाल तर टेप आणि वजनकाटा चांगला घ्या, सुतळी ताणून बांधा आणि वाळवल्याशिवाय वजन करू नका. निघालेले दहाही आकडे कमेंटमध्ये टाका, नुसती सरासरी टाकू नका. पट्टा काढून द्यायला मुलगी तयार आहे, आणि आता मलाही येतो.

राम राम.